मोठ्या कॉन्सर्टचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून काढताना: रांग, पैसे आणि नंतरची सावधगिरी

प्रश्न असा आहे: बारा वाजता विक्री सुरू होते, आपण पावणेबारापासून तयार असतो, तरी रांगेत लाखांतला क्रमांक येतो आणि तिकीट मिळत नाही. कधी क्रमांक चांगला येतो तर पैसे भरताना गाडी अडते. मग कुणीतरी इन्स्टाग्रामवर दुप्पट भावात तिकीट देऊ करतो. पुढच्या वेळी नेमकं काय करायचं?

रांगेतला क्रमांक तुमच्या हातात नाही. तो लागल्यानंतरची आठ-दहा मिनिटं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात असतात, आणि क्रमांक चांगला येऊनही तिकीट हुकतं ते बहुतेक वेळा याच मिनिटांत. म्हणून सगळी तयारी त्या मिनिटांसाठी करायची.

आधी रांगेचं गणित. उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असलेलंच घेऊ: २२ सप्टेंबर २०२४, दुपारी १२, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री, बुकमायशोवर. आधी १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच दिवस होते. गर्दी पाहून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. विक्रीच्या वेळी सुमारे १ कोटी ३० लाख लोक आले, असं कंपनीने नंतर सांगितलं. नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान साधारण पन्नास-पंचावन्न हजार प्रेक्षकांचं. तीन दिवस मिळून दीड-पावणेदोन लाख तिकिटं धरा. एका खात्याला जास्तीत जास्त ४ तिकिटांची मर्यादा होती, म्हणजे प्रत्येकाने चारही घेतली तर सुमारे चाळीस हजार खरेदीदारांत माल संपतो. चाळीस हजार जागांसाठी सव्वा कोटीहून जास्त उमेदवार, म्हणजे सव्वातीनशेत एक. एकाच घरातले चार फोन या आकड्यात चार वेळा मोजले गेले असतील हे धरूनही गणित फारसं सुधारत नाही.

अशा विक्रीत वेळेआधी येणाऱ्यांना ‘वेटिंग रूम’मध्ये बसवतात. घड्याळात बारा वाजले की त्या खोलीतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक वाटले जातात. पावणेबाराला आलेला आणि अकरा वाजून एक मिनिटाला आलेला इथे सारखेच. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी सातला उभं राहिलं की पहिली रांग आपली, हा हिशेब इथे चालत नाही. मात्र बारा वाजून एक मिनिटाने आलेला माणूस चिठ्ठ्यांत धरलाच जात नाही. तो वाटप झालेल्या सगळ्यांच्या मागे उभा राहतो. म्हणून नियम सोपा आहे: वेटिंग रूम उघडण्याची वेळ शोधून ठेवा, विक्रीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी आत जा आणि मग काहीही दाबू नका.

‘काहीही दाबू नका’ हे सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. पान अडकल्यासारखं दिसतं, क्रमांक हलत नाही, बोट आपोआप रिफ्रेशकडे जातं. रांगेचं पान स्वतःच काही सेकंदांनी ताजं होत असतं. तुमची जागा ब्राउझरमधल्या एका छोट्या खुणेवर आणि तुमच्या लॉगिनवर टिकलेली असते. टॅब बंद केला, ‘इनकॉग्निटो’मध्ये उघडला, मधेच लॉगआउट झालात, किंवा वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर आलात आणि प्रणालीने तुम्हाला नवा पाहुणा समजलं, की रांग पुन्हा शेवटापासून. एकाच ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून दहा क्रमांक मिळत नाहीत; ते एकाच खात्याचे धरले जातात, वर संशयास्पद वागणूक म्हणून सगळेच बाद होऊ शकतात. व्हीपीएन (तुमचा खरा इंटरनेट पत्ता लपवणारी सोय) चालू असेल तर बंद करा. एकाच इंटरनेट पत्त्यावरून हजारो लोक आल्यासारखे दिसतात आणि यंत्र तुम्हाला बॉटच्या, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटं काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या, टोपलीत टाकतं.

मग घरातल्या चौघांनी काय करायचं? चौघांचीही स्वतःची, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरची खाती असतील तर चौघांनी वेगवेगळ्या फोनवरून बसायला हरकत नाही. चार चिठ्ठ्या म्हणजे चौपट शक्यता. एकच खातं चार फोनवर उघडणं मात्र टाळा. दुसरीकडे लॉगिन होताच पहिलीकडचं सत्र तुटू शकतं, आणि ते नेमकं तुमचा क्रमांक आल्यावर तुटतं. ज्याचा क्रमांक आधी लागेल तो काढेल आणि बाकीचे लगेच रांग सोडतील, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर घरात बारा तिकिटं आणि एक भांडण येतं.

परदेशातून नातेवाइकांसाठी तिकीट काढणाऱ्यांनी घड्याळ लावताना भारतीय वेळच धरावी. इथले दुपारचे १२ म्हणजे दुबईत सकाळचे १०.३०, लंडनमध्ये उन्हाळ्यात ७.३० आणि हिवाळ्यात ६.३०. परदेशी बँकेचं कार्ड चालेल का, हे विक्रीच्या नियमांत आधी पाहून घ्या. शंका असेल तर पैसे भरण्याचं काम इथल्या माणसावर सोपवलेलं बरं.

आता आदल्या दिवशीची तयारी. ॲप अद्ययावत करा. अधिकृत विक्रेता कोण आहे हे कलाकाराच्या किंवा आयोजकाच्या स्वतःच्या खात्यावरून खात्री करून घ्या, आणि तिथल्या दुव्यावरूनच जा. गुगलवर ‘तिकीट’ शोधलं की वर येणारी पहिली ओळ अनेकदा जाहिरात असते, आणि जाहिरात कुणीही विकत घेऊ शकतो. भारतात मोठ्या कार्यक्रमांची विक्री मुख्यतः बुकमायशो आणि झोमॅटोच्या ‘डिस्ट्रिक्ट’ ॲपवर होते. पेटीएमचा तिकीट व्यवसाय झोमॅटोने २०२४ मध्ये घेतला, त्यामुळे जुन्या नावाने ॲप शोधत बसू नका. खात्यात मोबाइल क्रमांक आणि ईमेल दोन्ही पडताळलेले हवेत. काही कार्यक्रमांची कागदी तिकिटं किंवा मनगटी पट्टे घरी पाठवतात, त्यासाठी पिनकोडसह पूर्ण पत्ता आधीच भरून ठेवा. क्रमांक आल्यावर इमारतीचं नाव टाइप करण्यात गेलेला एक मिनिट फार महाग पडतो.

दर कोणता घ्यायचा हे आधी ठरवा, कागदावर लिहा, आणि दुसरा-तिसरा पर्यायही त्याच कागदावर लिहा. कोल्डप्लेच्या त्या विक्रीत दर २,५०० रुपयांपासून लाऊंजच्या ३५,००० रुपयांपर्यंत होते आणि मैदानातल्या उभ्या जागेचा दर ६,४५० रुपये होता. आत शिरल्यावर ‘अडीच हजारची संपली, आता साडेतीन की साडेचार?’ यावर व्हॉट्सॲप गटात चर्चा सुरू केली, की चर्चा संपेपर्यंत साडेचारचीही संपतात. जागा निवडली की ती तुमच्या नावावर काही मिनिटं अडवून ठेवली जाते, पडद्यावर उलटी मोजणी दिसते. ती संपली की जागा परत सगळ्यांसाठी खुली.

हिशेब करताना छापील दर हा शेवटचा आकडा समजू नका. उभ्या जागेची चार तिकिटं म्हणजे २५,८०० रुपये. त्यावर विक्रेत्याचं सुविधा शुल्क, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, आणि दरात कर धरलेला नसेल तर तिकिटावरचा करही. शेवटच्या पानावर आकडा पाहून दचकायला वेळ नसतो, म्हणून खात्यात छापील रकमेपेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त ठेवा.

पैसे भरण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिकीट इथेच जातं.

यूपीआयची नेहमीची मर्यादा एका दिवसात १ लाख रुपये, पण काही बँका स्वतःची त्याहून कमी मर्यादा लावतात. दिवसभरातल्या व्यवहारांच्या संख्येलाही मर्यादा असते. सकाळपासून भाजी, रिक्षा आणि चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील तर तेही त्यात मोजले जाऊ शकतात. सर्वांत फसवी अडचण नव्या फोनची. फोन किंवा सिम बदलून यूपीआय नव्याने चालू केलं की पहिले २४ तास फक्त ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, आयफोनवर ही मुदत ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. विक्रीच्या आदल्या आठवड्यात फोन बदलणं टाळा, बदललाच तर तीन दिवस आधी बदला.

कार्डाचं वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद स्थितीतच येतात; बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि तिथेच रकमेची मर्यादा वाढवावी लागते. अनेकांनी ती मर्यादा कधीतरी सुरक्षिततेसाठी दहा हजारांवर आणून ठेवलेली असते आणि विसरलेले असतात. ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला तुमच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, साठवलं जातं. म्हणून कार्ड आधीच त्या ॲपवर टोकन करून ठेवायचं. सोपा मार्ग: दोन-चार दिवस आधी त्याच ॲपवरून दीडशे-दोनशे रुपयांचं सिनेमाचं किंवा नाटकाचं तिकीट काढा आणि कार्ड जतन करायला संमती द्या. कार्ड चालतंय, ओटीपी येतोय, खातं ठीक आहे, सगळंच तपासून होतं. वर नाटक बघायला मिळतं.

ओटीपी ज्या फोनवर येतो तो हाताशी हवा आणि त्याला नेटवर्क हवं. बँकेत वडिलांचा क्रमांक नोंदवलेला आणि वडील गावी, असं असेल तर ते कार्ड यादीतून काढून टाका. फोनवरच यूपीआय करत असाल तर तिकिटाच्या ॲपमधून यूपीआय ॲपमध्ये जाऊन पिन टाकल्यावर स्वतःहून मागे येऊ नका, ‘बॅक’ तर अजिबात दाबू नका. पान आपोआप परत येऊ द्या. पैसे कापले गेले आणि विक्रेत्यापर्यंत ‘मिळाले’ हा निरोप पोहोचलाच नाही, याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. बॅटरी बचतीचा पर्याय बंद ठेवा. काही अँड्रॉइड फोन मागचं ॲप परस्पर बंद करून टाकतात.

पैसे गेले आणि तिकीट दिसत नाही, तर आधी ‘माझी बुकिंग’ उघडा, मग ईमेल आणि एसएमएस पाहा. निरोप उशिरा पोहोचूनही बुकिंग लागलेलं असू शकतं. तिथे नसेल आणि मोजणी अजून चालू असेल तर दुसऱ्या मार्गाने पुन्हा पैसे भरणं हा जुगार आहे, पण बहुतेक वेळा खेळण्यासारखा, कारण अडकलेले पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याकडे खात्री पोहोचली नाही, तर यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड या दोन्ही प्रकारांत व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. यासाठी व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि तक्रार बँकेकडे करा. विक्रेत्याच्या मदतकेंद्राला विचारून फार तर ‘आमच्याकडे रक्कम आलेली नाही’ एवढंच उत्तर मिळेल, आणि ते खरंही असतं.

‘सोल्ड आउट’ दिसलं म्हणून लगेच उठू नका. ज्यांचे पैसे भरणं फसलं किंवा ज्यांची मोजणी संपली, त्यांच्या जागा परत यादीत येतात. अशी तिकिटं पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात थोडी थोडी करून पुन्हा दिसतात, दोन-दोनच्या तुकड्यांत. चार एकत्र मागितली तर ‘उपलब्ध नाही’ येतं. दोन मागून पाहा.

आता जागेविषयी, थोडक्यात. उभी जागा म्हणजे मंचाच्या समोर, पण दरवाजे उघडल्यापासून पाच-सहा तास पायांवर, आणि उंची पाच फूट असेल तर पुढच्याची पाठ. सोबत ज्येष्ठ किंवा गुडघेदुखीवाले असतील तर बसायच्या जागाच घ्या, वरच्या थरातल्या का असेनात. मोठ्या पडद्यांमुळे चेहरे तिथूनही दिसतात. अगदी बाजूच्या भागात मंचाचा सांगाडा आडवा येऊ शकतो. दर कमी असण्याचं कारण नकाशात शोधा. वयाची अट प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते आणि ती नियमांत बारीक अक्षरांत असते. तान्ह्या मुलालाही तिकीट लागतं का, हे तिथेच वाचा.

बँक-कार्डधारकांसाठीची आगाऊ विक्री ही वेगळी संधी आहे. गायक दिलजित दोसांझच्या २०२४ च्या दौऱ्यात एका ठरावीक कार्डाच्या ग्राहकांना सर्वसाधारण विक्रीच्या दोन दिवस आधी खिडकी उघडली होती. अशा विक्रीत रांग बरीच छोटी असते. पण केवळ त्यासाठी नवं कार्ड काढायचं असेल तर ते हातात येऊन ऑनलाइन चालू होईपर्यंत किती दिवस जातील याचा हिशेब करा, आणि वार्षिक शुल्क पाहा. घरात कुणाकडे ते कार्ड आधीच असेल तर सोन्याहून पिवळं.

तिकीट मिळालं की पहिला मोह फोटो टाकण्याचा. टाकू नका. क्यूआर किंवा बारकोड दिसणारा फोटो म्हणजे तिकिटाची प्रत. दारावर जो आधी स्कॅन करेल तो आत, दुसऱ्याला यंत्र ‘वापरलेलं’ दाखवतं आणि दारावरचा माणूस काही करू शकत नाही. याच धोक्यामुळे अनेक कार्यक्रमांत क्यूआर कार्यक्रमाच्या थोडंच आधी ॲपमध्ये उघडतो. तो खरेदीच्या दिवशी दिसला नाही म्हणून घाबरू नका. स्क्रीनशॉट चालतो का, हे त्या तिकिटावरच लिहिलेलं असतं. ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो ओळखपत्रासह येणार आहे ना, हे पक्कं करा. मित्रांना तिकीट द्यायचं तर ॲपमध्ये हस्तांतराची सोय दिली असेल तरच, आणि त्याच सोयीने.

आता दुप्पट भाववाल्यांकडे वळू. २०२४ मध्ये कोल्डप्लेची तिकिटं परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर मूळ किमतीच्या कितीतरी पट, काही लाखांपर्यंत लावलेली दिसली. बुकमायशोने आपला वियागोगो आणि गिग्सबर्ग या पुनर्विक्री संकेतस्थळांशी काहीही संबंध नसल्याचं जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रार दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजितच्या तिकिटांच्या काळ्याबाजाराच्या संदर्भात अनेक शहरांत छापे घातले. अशा यादीत दिसणारं तिकीट विकणाऱ्याच्या हातात असतंच असं नाही. आधी तुमचे पैसे घ्यायचे, मग कुठून स्वस्तात मिळालं तर द्यायचं, असाही धंदा चालतो.

समाजमाध्यमांवरची फसवणूक याहून साधी. एकच खरं पीडीएफ तिकीट पाच जणांना विकायचं. किंवा ‘बुकिंगचा एसएमएस’ दाखवायचा, जो कुणीही टाइप करू शकतो. किंवा ‘थोडी आगाऊ रक्कम द्या, उरलेली गेटवर’. पैसे परत करतो म्हणून क्यूआर पाठवला तर तो स्कॅन करू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. विक्रेत्याने नियमांत दिलेला परतावा नाकारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक गोष्ट पुनर्विक्रीवाले सांगत नाहीत. कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे गेला तर परतावा मूळ खरेदीदाराच्या मूळ खात्यात जातो आणि तोही मूळ किमतीचाच. सुविधा शुल्क परत मिळतं का, ते त्या-त्या विक्रीच्या अटींवर. अडीच हजारांचं तिकीट पंचवीस हजारांना घेतलेला माणूस अशा वेळी त्या अनोळखी विक्रेत्याच्या सद्भावनेवर उभा असतो.

त्यापेक्षा थांबणं बरं. मंच, ध्वनियंत्रणा आणि कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या होईपर्यंत आयोजक काही भाग विक्रीबाहेर ठेवतात. प्रायोजकांसाठी राखलेल्या जागाही सगळ्या वापरल्या जात नाहीत. हा साठा नंतर, अनेकदा कार्यक्रमाच्या तोंडावर, गाजावाजा न करता त्याच अधिकृत ॲपवर उघडतो. कोल्डप्लेनेच २२ नोव्हेंबर २०२४ रोजी, मुख्य विक्रीनंतर बरोबर दोन महिन्यांनी, प्रत्येकी २,००० रुपयांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं काढली: जोडीनेच मिळणारी, एका खरेदीदाराला दोनच, जागा कुठली हे तिकीट हातात घेतानाच कळणार. काळ्याबाजारात लाखांचे आकडे चालू असताना अधिकृत खिडकीवर ही दोन हजारांची तिकिटं होती. म्हणून विक्री हुकली की ॲपमध्ये त्या कार्यक्रमाच्या सूचना चालू ठेवा, आयोजकाच्या खात्याला फॉलो करा, आणि शेवटच्या दहा-बारा दिवसांत रोज दुपारी एकदा तो कार्यक्रम उघडून पाहा. दोन तिकिटांचा शोध घ्या, आणि कार्ड तोपर्यंत टोकन केलेलंच असू द्या.